जॉनी युनायटस कुणाचा?

दोस्तांनो, कॅन्टीनमध्ये चहा सांगितलाय आणि कुणीतरी सहज विचारलं की गावसकर मोठा की सचिन? बस्स! चहा गार, लेक्चर बंक, आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचा मुद्दा बरोबर. असे कट्टे जगभर भरतात. अमेरिकेत ते फुटबॉलमधल्या क्वार्टरबॅकवरून भरतात. आज तुम्हाला त्यातल्याच एका वादात घेऊन जायचंय. टीमचं नाव कोल्ट्स. प्रश्न साधाच आहे, की कोल्ट्सचा आजवरचा सगळ्यात लाडका क्वार्टरबॅक कोण? पण गंमत अशी की या यादीत ज्याचं नाव हमखास पहिल्या दोनांत येतं, त्यालाच या यादीत राहायचं नव्हतं. त्याचं नाव जॉनी युनायटस.

आधी थोडा खेळ समजून घेऊ. हा फुटबॉल आपला मेस्सी-रोनाल्डोवाला नाही. यात लांबट बॉल हातात घेऊन पळतात, फेकतात आणि एकमेकांना आडवं पाडतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाही जमलं तर बॉल समोरच्यांकडे. प्रत्येक प्रयत्नाच्या सुरुवातीला बॉल ज्याच्या हातात येतो तो क्वार्टरबॅक. बॉल फेकायचा, दुसऱ्याच्या हातात द्यायचा की स्वतः घेऊन पळायचं, हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचं. तेही सव्वाशे किलोचे गडी अंगावर धावून येत असताना! म्हणजे कॅप्टनचं डोकं आणि ओपनरची छाती, दोन्ही एकाच माणसात हवं.

नको असलेला मुलगा

युनायटस जन्मला ७ मे १९३३ रोजी, पिट्सबर्गमध्ये. घराणं मूळचं लिथुआनियाचं. जॉनी पाच वर्षांचा असताना वडील गेले. त्यांचा घरोघरी कोळसा पोचवण्याचा धंदा होता, तो आईने चालवला. मग मिळेल ती कामं केली आणि रात्री हिशेबनीस होण्यासाठी शिक्षणही घेतलं. चार पोरांचं घर तिने असं ओढलं. जॉनीने पुढे मैदानावर जो चिवटपणा दाखवला तो कुठून आला, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

त्याला नोत्र दाम या नामांकित युनिव्हर्सिटीकडून खेळायचं होतं. त्यांनी बघितलं आणि नाही म्हटलं, पोरगा फारच काटकुळा वाटला. मग तो लुईव्हिलला गेला. तिथून १९५५ मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सने त्याला नवव्या फेरीत निवडलं. घरच्याच गावाची टीम! पण सीझन सुरू व्हायच्या आधीच्या सराव सामन्यांत त्याला एकही पास टाकायला दिला नाही आणि घरी पाठवून दिलं. टीम चालवण्याइतकं डोकं या मुलाला नाही, असं कोचचं मत झालं होतं. हे मत किती चुकलं ते पुढे येईलच.

तेव्हा त्याचं लग्न झालेलं होतं. घर चालवायचं म्हणून तो बांधकामावर कामाला लागला. आणि संध्याकाळी, सुटीच्या दिवशी ब्लूमफिल्ड रॅम्स नावाच्या हौशी-पेशेवर टीमकडून मातीच्या मैदानावर खेळायला लागला. मानधन? मॅचला ६ डॉलर. आपल्याकडे टेनिस बॉल टूर्नामेंट खेळून हातखर्च काढणारी पोरं असतात ना, तसंच काहीसं.

१९५६ मध्ये बाल्टिमोर कोल्ट्सने त्याला चाचणीला बोलावलं आणि राखीव क्वार्टरबॅक म्हणून घेतलं. मुख्य क्वार्टरबॅक होता जॉर्ज शॉ. शिकागो बेअर्सविरुद्ध शॉ जखमी झाला आणि जॉनीला आत जावं लागलं. त्याचा पहिलाच पास समोरच्याने मधेच पकडला आणि थेट टचडाउन केला! पुढेही बॉल हातातून सुटत राहिला. कोल्ट्स ती मॅच ५८-२७ अशा फरकाने हरले. एखाद्याने तिथेच बॅग भरली असती. जॉनी मात्र पुढच्या मॅचला मैदानात होता. ती मॅच कोल्ट्सने जिंकली आणि त्याची जागा पक्की झाली.

ती एक मॅच

२८ डिसेंबर १९५८. न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम. फायनलला न्यूयॉर्क जायंट्स विरुद्ध बाल्टिमोर कोल्ट्स. दोन मिनिटांपेक्षाही कमी वेळ उरलाय, कोल्ट्स १४-१७ असे मागे आणि बॉल स्वतःच्याच गोल लाइनपासून १४ यार्डांवर. म्हणजे जवळजवळ सगळं मैदान पार करायचंय.

आज क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये स्पीकर असतो, कोच बाहेरून चाल सांगतो. तेव्हा तसलं काही नव्हतं. प्रत्येक चाल जॉनी स्वतः ठरवायचा. त्याने रेमंड बेरीला ओळीने तीन पास दिले आणि तीन पासांत ६२ यार्ड. बेरी आणि तो प्रॅक्टिस संपल्यावरही मैदानात थांबून तेच तेच पास घोटत बसायचे, त्याचं हे फळ. शेवटचे सात सेकंद उरले असताना स्टीव्ह मायराने किक मारून बरोबरी केली, १७-१७.

फायनल बरोबरीत सुटल्यावर पुढे काय करायचं, हे दोन्ही टीममधल्या कित्येकांना ठाऊकच नव्हतं! कारण एनएफएलच्या फायनलमध्ये असं आधी कधी घडलंच नव्हतं. जादा वेळ सुरू झाला. जो आधी पॉइंट मिळवेल तो जिंकला. जायंट्सना जमलं नाही. मग जॉनीने टीमला ८० यार्ड पुढे नेलं. गोल लाइन जवळ आल्यावर किक मारून ३ पॉइंट घेतले असते तरी काम झालं असतं. पण त्याने तिथेही पास टाकला. पकडला गेला असता तर सगळं मुसळ केरात. तसं झालं नाही. पुढच्याच चालीत ॲलन अमीचीने बॉल घेऊन मुसंडी मारली आणि स्कोअर झाला २३-१७.

अंदाजे साडेचार कोटी लोकांनी ही मॅच टीव्हीवर पाहिली. अमेरिकेत फुटबॉल हा टीव्हीवरचा मोठा खेळ झाला, त्यात या दुपारचा वाटा मोठा मानतात. बाल्टिमोरच्या विमानतळावर टीमला घ्यायला हजारो लोक लोटले होते. पुढच्या वर्षी याच जायंट्सना हरवून कोल्ट्स पुन्हा चॅम्पियन.

आकड्यांची लढाई

आता कट्ट्यावर परत येऊ. युनायटसच्या समोर उभा असतो पेटन मॅनिंग. १९९८ मध्ये ड्राफ्टमध्ये सगळ्यात पहिला निवडला गेलेला. कोल्ट्सकडून ५४,८२८ यार्ड, ३९९ टचडाउन पास, चार वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू, आणि २००७ च्या फेब्रुवारीत सुपर बोल. युनायटसच्या अख्ख्या करिअरचे ४०,२३९ यार्ड, २९० टचडाउन पास, आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान तीन वेळा. आकड्यांवर गेलात तर मॅनिंग जिंकला, विषय संपला.

पण संपत नाही ना! युनायटस आला तेव्हा सीझनला १२ मॅच असायच्या, मॅनिंगच्या काळात १६. शिवाय १९७८ मध्ये नियम बदलले. पास पकडायला धावणाऱ्याला वाटेत ढकलण्या-धरण्यावर मोठी बंधनं आली आणि पास टाकणं सोपं झालं. युनायटसचा जमाना त्याच्या आधीचा. आणि त्या जमान्यात १९५९ मध्ये त्याने १२ मॅचमध्ये ३२ टचडाउन पास टाकले. एका सीझनमध्ये तिशी ओलांडणारा तो पहिलाच. १९५६ ते १९६० या काळात ओळीने ४७ मॅचमध्ये किमान एक तरी टचडाउन पास! हा विक्रम मोडायला २०१२ साल उजाडावं लागलं. ४०,००० यार्डांचा टप्पा गाठणाराही तोच पहिला.

दुसरी बाजूही ऐका. त्याचे २५३ पास समोरच्यांनी पकडले. १९६८ मध्ये कोपर दुखावलं आणि बहुतेक सीझन बाकावर गेला. त्याच्या जागी आलेला अर्ल मोरॉल त्या वर्षी सर्वोत्तम खेळाडू ठरला! १९७१ च्या जानेवारीत कोल्ट्सने सुपर बोल जिंकला, त्यातही युनायटस एक लांबलचक टचडाउन पास टाकून जखमी झाला आणि मॅच मोरॉलनेच संपवली. म्हणजे देवमाणूस वगैरे नव्हता तो. १९७३ मध्ये टीमने त्याला सॅन डिएगोला देऊन टाकलं. पुढच्या वर्षी तो निवृत्त झाला.

ट्रक निघाले तेव्हा

आणि आता खरा तिढा. १९८४ च्या मार्चमधली २८ तारखेची रात्र. बाल्टिमोरमध्ये बर्फ पडतोय. कोल्ट्सचे मालक रॉबर्ट अरसे यांचं स्टेडियमवरून शहराशी भांडण चाललेलं. सरकार कायदा करून टीम ताब्यात घेईल या भीतीने त्यांनी रातोरात सामानवाहू ट्रक बोलावले. हेल्मेट, जर्सी, फायली, सगळं भरलं आणि टीम इंडियानापोलिसला नेली. सकाळी शहर उठलं तर टीमच नाही! कल्पना करा, एका सकाळी उठलात आणि वानखेडे रिकामं, मुंबईची टीम नाव-गाव घेऊन दुसऱ्या राज्यात गेलेली. काय वाटेल? बाल्टिमोरमध्ये कोल्ट्सचा बॅण्ड होता, तो टीम नसतानाही वाजवत राहिला. वर्ष-दोन वर्षं नाही, पुढे शहराला रेव्हन्स ही नवी टीम मिळेपर्यंत, म्हणजे १९९६ पर्यंत.

युनायटस त्या शहरातच राहत होता. त्याने नव्या कोल्ट्सशी नातं तोडलं. आपण बाल्टिमोर कोल्ट्सकडून खेळलो, इंडियानापोलिसशी आपला काही संबंध नाही, हे तो जाहीरपणे सांगायचा. हॉल ऑफ फेमलाही त्याने सांगितलं होतं, की माझं नाव लावायचं तर बाल्टिमोरचा म्हणून लावा, नाहीतर काढून टाका. जपून ठेवलेल्या वस्तू त्याने बाल्टिमोरच्याच म्युझियमला दिल्या. रेव्हन्सच्या मॅचला तो मैदानाच्या कडेला उभा दिसायचा. इंडियानापोलिसच्या रेकॉर्ड बुकात मात्र त्याचे यार्ड आजही मोजले जातात आणि १९ नंबरची जर्सी त्याच्या मानाखातर कुणाला दिली जात नाही.

मग तुम्हीच सांगा, तो कुणाचा? टीमच्या नावाचा, की ज्या गल्ल्यांनी त्याला उचलून धरलं त्यांचा?

या खेळाने त्याच्याकडून घेतलंही पुष्कळ. गोल्डन आर्म, म्हणजे सोन्याचा हात, हे त्याच्या रेस्टॉरंटचं नाव. पण उतारवयात त्याच उजव्या हाताची बोटं नीट वळेनाशी झाली. गोल्फ खेळायचा तर काठी हाताला पट्ट्याने बांधून. त्या हाताची भरपाई त्याने लीगकडे मागितली, ती मिळाली नाही. ११ सप्टेंबर २००२ रोजी व्यायाम करताना हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला.

त्या आठवड्यातली एक गोष्ट सांगतो. युनायटस नेहमी घोट्याच्या वर येणारे काळे बूट घालून खेळायचा. बाकीच्यांनी फॅशन बदलली, त्याने नाही. तो गेल्यावर पेटन मॅनिंगने, हो, कट्ट्यावरच्या त्याच प्रतिस्पर्ध्याने, पुढच्या मॅचला तसेच काळे बूट घालायची परवानगी मागितली. लीगने नाही म्हटलं, घातलेस तर २५,००० डॉलर दंड. त्याने घातले नाहीत. रेव्हन्सचा क्वार्टरबॅक ख्रिस रेडमनने मात्र न विचारता घातले आणि ५,००० डॉलर दंड सोसला. रेडमनही लुईव्हिलचाच विद्यार्थी.

आज मॅनिंगचा पुतळा इंडियानापोलिसच्या स्टेडियमबाहेर आहे आणि युनायटसचा बाल्टिमोरमध्ये, रेव्हन्सच्या स्टेडियमबाहेर. म्हणजे ज्या टीमकडून तो एकही मॅच खेळला नाही, तिच्या दारात! कारण ती टीम त्याच्या गावची आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कॅन्टीनमध्ये मोठा कोण हा वाद पेटला की आकडे जरूर काढा. पण आपला लाडका खेळाडू स्वतःला कुणाचा म्हणवत होता, हेही एकदा विचारा. युनायटसचं उत्तर तुम्हाला माहीत आहे. कोल्ट्सच्या फॅन्सनी त्याला पहिला नंबर द्यावा की दुसरा, हा वाद चालू द्या. चहा मात्र गार होऊ देऊ नका.