लेबल नसलेली मोटर ओळखायची युक्ती एका सुताराच्या मशीनमध्ये दडलीय

भंगारात कधीकधी जुनी डीसी सर्वो मोटर हाती लागते. लेबल उडालेलं, व्होल्टेज माहीत नाही, वायरी मात्र पाच-सहा. जाणकार माणूस तिला थेट सप्लाय लावत नाही. तो जाड वायरींना मल्टीमीटर जोडतो आणि शाफ्ट हाताने फिरवतो. मीटरवर व्होल्टेज दिसलं की मोटरमध्ये अजून जीव आहे.

करंटवर फिरणारी मोटर फिरवली की उलट करंट देते. म्हणजे मोटर आणि जनरेटर हे एकच मशीन. हे सगळ्या जगासमोर आलं ते झेनोब ग्रॅम नावाच्या एका सुतारामुळे. (वजनातल्या ग्रॅमशी याचा काही संबंध नाही.)

झेनोबचा जन्म ४ एप्रिल १८२६ चा, आजच्या बेल्जियममधल्या एका खेड्यातला. शाळेत डोकं चाललं नाही, हात मात्र भारी चालायचा. म्हणून सुतारकामाला लागला. लिएज शहरात दिवसा काम आणि संध्याकाळी वर्ग असं करत थोडंफार शिकला, आणि पुढे पोट भरायला पॅरिसला गेला. तिथे जिन्यांचे कठडे बनवत होता.

१८६० मध्ये त्याला आलियान्स नावाच्या कंपनीत मॉडेल बनवायचं काम मिळालं. ही कंपनी दीपगृहांच्या दिव्यांसाठी वीज तयार करणारी मशीनं बनवायची. पठ्ठ्या आला होता लाकूड तासायला, पण नजर गेली मशीनच्या पोटात.

तेव्हाच्या डायनामोची अडचण अशी होती की त्यातून निघणारा करंट धक्के खात यायचा. ग्रॅमने लोखंडाच्या एका कड्यावर तारेची पुष्कळ वेटोळी गुंडाळली आणि प्रत्येक वेटोळ्याचं टोक कम्युटेटरच्या वेगळ्या पट्टीला जोडलं. एका वेटोळ्याचा जोर ओसरेपर्यंत दुसरं तयार. करंट जवळपास सलग यायला लागला. १८६९ मध्ये पेटंट, १८७१ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीसमोर मशीन सादर. इपोलित फोंतेन या भागीदारासोबत धंदाही सुरू झाला.

आता वादाचा भाग. इटलीच्या अंतोनियो पाचिनोत्तीने असंच कडं १८६० च्या सुमारास बनवलं होतं आणि पुढे त्यावर लेखही छापला होता. ग्रॅमला ते ठाऊक होतं की नव्हतं, यावर भांडणं झाली. कल्पनेचा पहिला मान पाचिनोत्तीचाच. पण कारखान्यात रोज राबेल असं मशीन बाजारात आणलं ते ग्रॅमने.

मग आलं १८७३ चं व्हिएन्नाचं जागतिक प्रदर्शन. तिथे ग्रॅमची दोन मशीनं होती. एक वीज तयार करत होतं, दुसरं नुसतं उभं होतं. त्या उभ्या मशीनला पहिल्याच्या तारा जोडल्या गेल्या आणि ते आपोआप फिरायला लागलं. कोणी म्हणतं कामगाराची चूक, कोणी म्हणतं फोंतेनने ठरवून केलं. काही असो, लांबून तारेने आलेल्या विजेवर पंप चालला आणि लोकांनी डोळ्यांनी पाहिला. शास्त्रज्ञांना हे तत्त्व आधीपासून माहीत होतं. कारखानदारांना त्या दिवसांत कळलं.

पुढे ग्राझच्या कॉलेजात असंच एक ग्रॅम मशीन निकोला टेस्लाने पाहिलं. ब्रशवर उडणाऱ्या ठिणग्या बघून कम्युटेटर नसलेल्या मोटरचा किडा त्याच्या डोक्यात शिरला तो तिथेच.

सर्वो मोटर तपासणाऱ्याला व्हिएन्नाची गोष्ट उलट्या दिशेने कामाला येते. शाफ्टला ड्रिल मशीन लावायचं, समजा १००० आरपीएमने फिरवायचं. १० व्होल्ट आले तर २४ व्होल्टवर ही मोटर रिकामी साधारण २४०० आरपीएमने फिरणार. दोन्ही जाड वायरी एकत्र टेकवून शाफ्ट जड झाला तर वाइंडिंग आणि ब्रश बहुधा ठीक. बारीक वायरी एन्कोडरच्या किंवा टॅकोच्या असतात, त्यांना मोटरचा सप्लाय द्यायचा नाही. आणि फार जुनी मोटर असेल तर आर्मेचर बाहेर ओढायचं नाही. काही जुन्या प्रकारचे चुंबक तेवढ्यानेच कायमचे कमजोर होतात.

ग्रॅमला १८८८ मध्ये फ्रान्सचा व्होल्टा पुरस्कार मिळाला. २० जानेवारी १९०१ रोजी पॅरिसजवळ तो गेला. लिएजमध्ये नदीवरच्या पुलापाशी त्याचा पुतळा आहे, आणि ज्याला शाळा झेपली नाही त्याच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेजही त्याच शहरात आहे.