कुमार गंधर्वांचे मौन

यावलच्या उत्तरेस सातपुड्याची रांग आडवी पसरलेली आहे. ती ओलांडली की निमाड लागतो, पुढे नर्मदा, नर्मदेपलीकडे विंध्याचा चढ, आणि तो चढून गेले की माळव्याचे काळ्या मातीचे पठार. या पठारावर, यावलपासून सरळ रेषेत सुमारे २०० किलोमीटर अंतरावर, देवास हे गाव आहे. पूर्वी तेथे पवार घराण्याच्या थोरल्या व धाकट्या अशा दोन पातींचे राज्य होते. त्यामुळे मराठी भाषा या गावाला परकी नव्हती. ३० जानेवारी १९४८ रोजी, ज्या दिवशी दिल्लीत महात्मा गांधींची हत्या झाली त्याच दिवशी, तेवीस वर्षांचा एक आजारी गायक आपल्या पत्नीसह या गावी राहावयास आला. गाणे हेच ज्याचे जीवन, त्याला डॉक्टरांनी गाण्याची मनाई केली होती.

हा गायक म्हणजे कुमार गंधर्व. त्यांचे मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली. त्यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी या खेड्यात एका कानडी कुटुंबात झाला. वडिलांना गाण्याचे मोठे वेड होते व घरात सूर सतत कानी पडत. तरीही लहानग्या शिवपुत्राला कोणी शिकवावयास बसविले नव्हते. सहा-सात वर्षांचा असताना तो एके दिवशी अकस्मात गाऊ लागला, आणि तेही ध्वनिमुद्रिकांवर ऐकलेले थोर गवयांचे गाणे! तबकडीवर जी तान जशी असेल, तशीच ती या बालकाच्या गळ्यातून उमटे. हे नवल पाहून एका मठाधिपतींनी त्याला कुमार गंधर्व ही पदवी दिली, आणि पुढे तेच त्याचे नाव झाले.

मग वडील त्याला घेऊन गावोगाव फिरू लागले. १९३५ साली अलाहाबादच्या संगीत परिषदेत हा अकरा वर्षांचा मुलगा गावयास बसला, तेव्हा मोठमोठे गवई व जाणकार श्रोते थक्क झाले. त्याच्यावर कौतुकाचा व बक्षिसांचा वर्षाव झाला. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. हे कौतुक ज्या गाण्याचे झाले ते त्याचे स्वतःचे नव्हते. अमुक गवयाने अमुक ठिकाणी असा सूर का लावला, हे त्या मुलाला ठाऊक नव्हते. ठाऊक असण्याचे ते वयही नव्हते. पोपटाला सुंदर श्लोक यावा तसे ते होते, असे म्हटल्यास थोडे कठोर होईल. पण फारसे खोटे होणार नाही.

वडिलांना याची जाणीव असावी. कारण १९३६ साली त्यांनी मुलाला मुंबईस प्रोफेसर बी. आर. देवधर यांच्या हवाली केले. देवधर हे पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. त्यांनी पाश्चात्य संगीताचाही अभ्यास केला होता आणि निरनिराळ्या घराण्यांच्या गवयांकडून चिजा मिळविण्याचा त्यांना ध्यास होता. त्यांच्या शाळेत अनेक उस्ताद येत, बसत, गात. कुमारांना तेथे अकरा-बारा वर्षे लाभली. राग कसा उभा राहतो, शब्द सुरात कसा ठेवावा, हे ते तेथे शिकले आणि पुढे तेथेच शिकवूही लागले. नकलेचे दिवस संपले. तरुण गायकांत त्यांचे नाव अग्रभागी आले. १९४७ साली त्यांचा विवाह त्याच शाळेतील भानुमती कंस या विद्यार्थिनीशी झाला. सारे मनासारखे चालले असताना त्यांना क्षयाने गाठले.

आजच्या विद्यार्थ्यांना त्या शब्दातील भय कळणार नाही. त्या काळी आपल्या देशात क्षयावर नेमके औषध नव्हते. कोरडी हवा, पौष्टिक अन्न आणि संपूर्ण विश्रांती, एवढाच उपचार. फुप्फुसांना कष्ट होऊ नयेत म्हणून गाणे बंद. कोरड्या हवेसाठी मुंबई सोडून हे दांपत्य देवासला आले. भानुमतीबाईंनी तेथे शाळेत नोकरी धरली. दिवसा अध्यापन आणि उरलेल्या वेळी रुग्णाची शुश्रूषा, अशी त्यांची वर्षे गेली. कुमारांच्या नावाचा गौरव करताना या बाईंचे नाव मागे पडते, ते पडू नये.

अंथरुणावर पडून राहिलेल्या माणसाला एकच काम उरते. ते म्हणजे ऐकणे. लहानपणापासून कुमार गातच आले होते. आता प्रथमच त्यांचा गळा थांबला आणि कान मोकळे झाले. देवासच्या त्या घरावरून बाया गाणी म्हणत जात. लग्नाची, पेरणीची, सणावाराची, बाळाला निजविण्याची गाणी त्यांच्या कानी पडू लागली. नाथपंथी जोगी दारावरून निर्गुणी भजने गात जात; देवासला शीलनाथांची धुनी असल्याने त्या भजनांची तेथे मोठी परंपरा होती. या गाण्यांना ना साथ, ना मैफल, ना कोणाची वाहवा. चार-पाच सुरांत सारे गाणे आटोपे. परंतु त्या चार-पाच सुरांची ठेवण अशी विलक्षण की कुमारांना त्यांत रागांची बीजे दिसू लागली. शास्त्रकारांनी राग बांधले त्यापूर्वी ते असेच कोठे तरी रानात, अंगणात उगवले असतील, हा विचार त्यांच्या मनात पक्का झाला. ते या धुना टिपून घेऊ लागले.

खानदेशातील मुलांना हे समजावयास कठीण नाही. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी जात्यावर आणि शेतात ओव्या रचीत होत्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. १९५१ साली त्या वारल्या आणि १९५२ साली त्यांची गाणी छापून निघाली, तेव्हा महाराष्ट्र चकित झाला. ती गाणी तोवर शेजारीपाजारी रोज ऐकतच होते. कान देऊन ऐकणारे मात्र थोडे होते.

ज्याचे वाद्य वा गाणे हातचे गेले असे वाटते, त्याला ते निराळ्या रीतीने परत मिळते, याचे दुसरे एक उदाहरण येथे आठवते. आल्बर्ट श्वाइट्झर हे युरोपातील नामवंत ऑर्गनवादक. १९१३ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, ते डॉक्टर होऊन आफ्रिकेतील लांबारेने येथे रुग्णसेवेस गेले. आता वादन सुटले, असे त्यांनी मनाशी धरले होते. पॅरिसच्या बाख मंडळाने त्यांना ऑर्गनसारख्या पायपट्ट्या असलेला एक पियानो भेट दिला होता. एका संध्याकाळी तो वाजविताना त्यांना उमगले की, येथे श्रोते नाहीत, कार्यक्रमाची घाई नाही, म्हणून येथेच एकेक रचना बारकाईने व सावकाश अभ्यासता येईल. दिवसभराच्या श्रमानंतर ते पियानोवर बसू लागले. रानातील त्या पियानोने त्यांना सभागृहात न मिळालेला निवांतपणा दिला. कुमारांपाशी तर वाजविण्यासारखेही काही नव्हते. त्यांचे वाद्य त्यांच्या छातीतच होते आणि तेच नादुरुस्त झाले होते.

१९४३ साली अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन या औषधाचा शोध लागला होता. कालांतराने ते भारतात मिळू लागले आणि १९५२ च्या सुमारास कुमारांना त्याचा गुण आला. रोग हटला, पण एक फुप्फुस निकामी झाले. १९५३ साली ते पुन्हा मैफलीत गावयास बसले.

लोकांना पूर्वीचे कुमार गंधर्व ऐकावयाचे होते. समोर आले ते निराळेच गाणे. लांब पल्ल्याच्या तानांऐवजी लहान, तेजस्वी, विजेसारखे स्वरांचे तुकडे. त्यांच्या मध्ये बोलकी शांतता. एका फुप्फुसाच्या बळावर गावयाचे म्हणून ते असे गात, असे पुष्कळजण सांगतात. हे स्पष्टीकरण मला अर्धेच पटते. श्वास अपुरा पडला म्हणून मनुष्य थोडे गाईल. पण त्या थोड्यात एवढा आनंद कोठून येईल? जो स्वर सहा वर्षे मनातच घोळविला, तो उच्चारताना तो वाया जाऊ नये, ही ओढ त्यात ऐकू येते. लहानपणी त्यांना गाणे अनायासे मिळाले होते. आता त्यांनी ते स्वतः निवडले होते.

जुन्या वळणाच्या जाणकारांनी नाके मुरडली. घराण्याची शिस्त मोडली, अशी तक्रार झाली. कुमार डगमगले नाहीत. लोकधुनांतून त्यांनी मालवती, संजारी, मधसुरजा, लगनगंधार, सहेली तोडी असे नवे राग घडविले. त्यांना धुनउगम राग असे नाव दिले. आपल्या बंदिशींचा संग्रह त्यांनी १९६५ साली अनूपरागविलास या नावाने प्रसिद्ध केला. वर्षा, हेमंत, वसंत अशा एकेका ऋतूच्या गीतांचे कार्यक्रम त्यांनी योजिले. कबीर, सूरदास व मीरा यांची पदे त्यांनी मैफलीत आणली. माळव्याच्या बायांची अंगणातील गाणी शहरातील रसिकांनी तिकीट काढून ऐकली, ही त्यांचीच किमया.

दुःखाने मात्र त्यांचा पिच्छा सोडला नव्हता. १९६१ साली दुसऱ्या मुलाच्या जन्माच्या वेळी भानुमतीबाईंचे निधन झाले. ज्या घरात पुढे कुमारांचे वास्तव्य राहिले त्याचे नाव त्यांनी भानुकुल ठेवले. १९६२ साली वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. वसुंधराबाई स्वतः उत्तम गात आणि अनेक मैफलींत त्यांनी कुमारांना साथ केली. १९७७ साली पद्मभूषण व १९९० साली पद्मविभूषण हे बहुमान कुमारांना मिळाले.

मोठमोठ्या शहरांतून त्यांना बोलावणी येत, ते जात आणि पुन्हा देवासला परतत. आजारपणात हवापालटासाठी म्हणून ज्या गावी ते आले होते, त्या गावी ते चव्वेचाळीस वर्षे राहिले. १२ जानेवारी १९९२ रोजी तेथेच, टेकडीच्या पायथ्याच्या आपल्या घरी, त्यांनी देह ठेवला.