सर जॉन मरे : समुद्राचे ऋण फेडणारा संशोधक

मृगाच्या तोंडावर शिरूर अनंतपाळचा शेतकरी दोन गोष्टींची काळजी वाहत असतो. एक आभाळाची, दुसरी खताच्या पोत्याची. पाऊस लांबला तर सोयाबीन आणि तुरीची पेरणी लांबते. येऊन दडी मारली तर दुबार पेरणीचे संकट उभे राहते. खत वेळेवर मिळाले नाही तर पिकाला स्फुरद मिळत नाही. समुद्र त्याने पाहिलेला असेलच असे नाही. तो त्याच्या शिवारापासून शेकडो किलोमीटर दूर, सह्याद्रीच्या पलीकडे आहे. तरीही त्याचा खरीप ज्या वाऱ्यांवर अवलंबून आहे ते समुद्रावरूनच येतात. ह्या समुद्राचे आधुनिक शास्त्र ज्यांनी उभे केले त्यांतील एका अग्रणी पुरुषाच्या आयुष्यात समुद्र आणि स्फुरद ह्या दोन्ही गोष्टी विलक्षण रीतीने एकत्र आल्या. सर जॉन मरे हे त्यांचे नाव. सागरविज्ञानासाठी पैसा कोणी द्यावा, किती काळ द्यावा आणि त्याचे फळ कोणाच्या पदरात पडावे, हे प्रश्न आज पुन्हा विचारले जात असताना त्यांचे चरित्र डोळ्यांसमोर आणणे अप्रस्तुत ठरणार नाही.

मरे यांचा जन्म ३ मार्च १८४१ रोजी कॅनडातील कोबर्ग येथे, स्कॉटलंडमधून तेथे जाऊन वसलेल्या कुटुंबात झाला. सतराव्या वर्षी ते आजोळी स्कॉटलंडला आले आणि पुढे एडिंबरो विद्यापीठात वैद्यकाचा अभ्यास करू लागले. मात्र परीक्षांचा त्यांना मनस्वी कंटाळा होता. आवडेल तो विषय आवडेल त्या प्राध्यापकाकडे शिकावा आणि पदवीची फिकीर करू नये, असा त्यांचा खाक्या होता. १८६८ साली देवमाशांची शिकार करणाऱ्या एका जहाजावर डॉक्टर म्हणून ते उत्तर ध्रुवाकडील समुद्रात गेले आणि सात महिने भटकून परतले. तिशी उलटली तरी हातात पदवी नाही आणि निश्चित व्यवसायही नाही, अशी त्यांची स्थिती होती.

१८७२ साली ब्रिटिश आरमाराने 'चॅलेंजर' ही युद्धनौका केवळ समुद्राच्या अभ्यासासाठी जगप्रवासाला पाठवण्याचे ठरविले. तोफांची जागा प्रयोगशाळेला मिळाली. शास्त्रज्ञांचे प्रमुख प्राध्यापक वायव्हिल टॉमसन होते. निवड झालेल्या एका निसर्गशास्त्रज्ञाने ऐनवेळी माघार घेतली आणि त्या रिकाम्या जागी मरे यांची वर्णी लागली. २१ डिसेंबर १८७२ रोजी निघालेले हे जहाज २४ मे १८७६ रोजी मायदेशी परतले. साडेतीन वर्षांत त्याने सुमारे ६८,८९० सागरी मैलांची मजल मारली. ३६२ ठिकाणी थांबून दोर सोडून खोली मोजायची, पाण्याचे तापमान घ्यायचे, तळ खरवडून जे येईल ते गोळा करायचे, हा त्याचा नित्यक्रम होता. खोल समुद्रात जीवसृष्टी नाही, ह्या समजुतीचा ह्या प्रवासाने कायमचा निकाल लावला. हजारो नव्या प्रजाती सापडल्या. तळावर पसरलेले मँगनीजचे काळे गोळे प्रथम ह्याच सफरीत वर आले. त्यांचे महत्त्व शंभर वर्षांनी भारताला जाणवावयाचे होते.

प्रवास संपला आणि खरे काम सुरू झाले. आणलेले नमुने इतके अफाट आणि इतके विविध होते, की त्या सर्वांचे जाणकार एकट्या ब्रिटनमध्ये मिळणे शक्य नव्हते. टॉमसन यांनी ज्या विषयाचा उत्तम अभ्यासक ज्या देशात असेल त्याच्याकडे नमुने पाठवावयाचे ठरविले. त्यानुसार काही जर्मनीत हेकेल यांच्याकडे गेले, काही नॉर्वेत सार्स यांच्याकडे, तर काही अमेरिकेत आगासी यांच्याकडे. त्यावर ब्रिटनमध्ये वादळ उठले. ब्रिटिश करदात्याच्या पैशाने गोळा केलेला ठेवा परक्यांच्या हाती देणे हा देशाचा अपमान आहे, असा आक्षेप काही ब्रिटिश शास्त्रज्ञांनीच घेतला. टॉमसन डगमगले नाहीत. पण ह्या दगदगीने ते खचले आणि १८८२ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे एडिंबरोतील चॅलेंजर कचेरीची धुरा मरे यांच्याकडे आली.

मरे यांनी तेच धोरण पुढे चालविले. समुद्राच्या तळावरील गाळाचा अभ्यास त्यांनी स्वतः केला आणि तोही बेल्जियमच्या रेनार ह्या भूवैज्ञानिकाच्या साथीने. १८९१ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ त्या विषयाचा पाया ठरला. इकडे ब्रिटिश अर्थखात्याचा धीर सुटत चालला होता. जहाज परत येऊन दहा-पंधरा वर्षे उलटली तरी अहवाल संपत नाहीत, हे हिशेबनिसांना पटणारे नव्हते. अनुदान आखडले गेले, तेव्हा मरे यांनी पदरचा पैसा घातला. परंतु काम अर्धवट सोडले नाही. १८९५ साली अहवालाचे काम पुरे झाले, तेव्हा पन्नास खंड आणि सुमारे २९,५०० पृष्ठे इतका त्याचा विस्तार झाला होता. साडेतीन वर्षांच्या प्रवासाची फलश्रुती पदरात पडावयास आणखी एकोणीस वर्षे लागली. संशोधनाचा खर्च जहाज बंदराला लागले की संपतो, असे मानणाऱ्यांनी हे गणित लक्षात ठेवावयास हवे.

मरे यांच्यापाशी पैसा आला त्याची कथाही ह्याच संशोधनातून निघते. प्रवाळद्वीपे कशी बनतात ह्याविषयी त्यांनी डार्विनच्या मताला विरोध करणारा सिद्धान्त मांडला होता. पुढच्या काळाने कौल डार्विनच्या बाजूने दिला. पण त्या वादापायी मरे दूरदूरच्या बेटांवरील खडक मागवून घेत असत. चॅलेंजरवरील जुने सहकारी आता आरमारात अधिकारी होते. १८८७ च्या सुमारास हिंदी महासागरातील, जावाच्या दक्षिणेकडील निर्मनुष्य ख्रिसमस बेटावरचे दगड त्यांच्याकडे आले. मरे यांनी ते तपासले. ते उत्तम प्रतीचे फॉस्फेट, म्हणजेच स्फुरदयुक्त खताचा कच्चा माल होता. त्यांच्या आग्रहावरून १८८८ साली ब्रिटनने ते बेट ताब्यात घेतले, १८९१ मध्ये मरे आणि क्लुनीज-रॉस यांना त्याचा भाडेपट्टा मिळाला आणि १८९७ साली कंपनी उभी राहिली. आपला सिद्धान्त चुकला, पण त्याच्या शोधात हाती आलेल्या दगडाने मरे धनवान झाले.

ह्या संपत्तीविषयी दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. पहिली अशी, की ह्या बेटापासून ब्रिटिश सरकारला स्वामित्वधन आणि करांच्या रूपाने मिळालेली रक्कम चॅलेंजर मोहिमेच्या साऱ्या खर्चापेक्षा अधिक भरली, आणि हा हिशेब मरे यांनी आवर्जून मांडला. निरुपयोगी कुतूहल म्हणून ज्या खर्चाला नाके मुरडली गेली होती, तो व्याजासह वसूल झाला. दुसरी गोष्ट तितकीच खरी आणि अधिक अप्रिय आहे. बेटावरचा तो दगड चिनी मजुरांनी कराराच्या बेडीत राहून फोडला. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत त्यांतील शेकडो मजूर बेरीबेरीने दगावले. सागरविज्ञानाच्या ह्या दानशूर पुरुषाची पुंजी ज्यांच्या घामातून आली, त्यांची नावे कोणत्याही अहवालात आदराने नोंदलेली नाहीत. मरे यांचे मोठेपण सांगताना ही बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल.

तथापि मिळालेला पैसा मरे यांनी चैनीत उधळला नाही, हेही तितकेच खरे. आपण समुद्राचे देणे लागतो अशाच वृत्तीने ते वागले. त्या सुमारास युरोपात एक नवा विचार मूळ धरत होता. मासा देशांच्या सीमा ओळखत नाही, मग त्याचा अभ्यास एकेका देशाने वेगळा करून कसे भागेल? ह्या जाणिवेतून १९०२ साली कोपनहेगन येथे आठ देशांनी सागरसंशोधनाची आंतरराष्ट्रीय परिषद स्थापन केली. मरे यांनी हे सहकार्य स्वतःच्या कृतीने पुढे नेले. जहाज आणि शास्त्रज्ञ नॉर्वेने द्यावेत, खर्च आपण करू, असा प्रस्ताव त्यांनी नॉर्वे सरकारपुढे ठेवला. तो मान्य झाला आणि १९१० साली 'मायकेल सार्स' हे जहाज उत्तर अटलांटिकच्या चार महिन्यांच्या सफरीवर निघाले. एकोणसत्तर वर्षांचे मरे स्वतः जहाजावर होते. नॉर्वेचे योहान यॉर्ट यांच्यासह त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९१२ साली आला आणि अनेक वर्षे प्रमाणभूत मानला गेला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १६ मार्च १९१४ रोजी, एडिंबरोजवळ मोटार उलटून मरे यांचा अंत झाला.

त्यांच्या कार्याचा महाराष्ट्राशी जवळचा असा भाग त्यांच्या मृत्यूनंतरचा आहे. चॅलेंजर अरबी समुद्रात कधी आलेच नव्हते. मृत्युपत्राने मरे यांनी आपल्या समभागांचा काही भाग सागरविज्ञानासाठी राखून ठेवला होता. त्या पैशातून १९३३-३४ साली जी मोहीम निघाली ती अरबी समुद्रासाठी. जहाज 'मबाहिस', ते इजिप्त सरकारने दिलेले. प्रमुख होते सीमूर स्युएल, भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे माजी संचालक. ह्या मोहिमेने अरबी समुद्राच्या तळावरील पर्वतरांगा मोजल्या. मकरान किनाऱ्यालगतच्या अशाच एका रांगेला आजही मरे यांचे नाव आहे. पाण्याच्या मधल्या थरांत प्राणवायू किती विरळ आहे हेही तिने नोंदले. त्या जहाजावर ब्रिटिश आणि इजिप्शियन शास्त्रज्ञ होते. भारतीय एकही नव्हता. समुद्र आपल्या दारातला, पैसा मात्र परक्याचा आणि वही-लेखणीही परक्याचीच, अशी ती अवस्था होती.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलू लागले. १९५९ ते १९६५ ह्या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. सुमारे चाळीस जहाजांनी भाग घेतलेल्या ह्या उपक्रमात भारत बरोबरीच्या नात्याने उतरला. १९६३ साली मुंबईत कुलाब्याला आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र सुरू झाले. मोहीम संपताच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली आणि गोव्यातील दोना पावल हे तिचे ठाणे बनले. तिच्या 'गवेषणी' ह्या जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी हिंदी महासागराच्या तळातून मँगनीजचे गोळे वर काढले. चॅलेंजरच्या जाळ्यात प्रथम आलेली ती वस्तू आता भारतीय जहाजाच्या जाळ्यात आली होती. १९८३ साली पश्चिम जर्मनीत बांधलेले 'सागरकन्या' दाखल झाले, आणि २०२१ साली खोल समुद्र मोहिमेसाठी पाच वर्षांकरिता ४,०७७ कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली.

आता प्रश्न उरतो तो वृत्तीचा. युरोपातील देशांनी मरे यांच्या काळी गिरवलेला धडा सोडलेला नाही. समुद्रात दोन हजार मीटरपर्यंत बुडून दर दहा दिवसांनी वर येणाऱ्या आणि तापमान, क्षारता कळविणाऱ्या स्वयंचलित तरंगत्या यंत्रांसाठी त्यांनी २०१४ साली 'युरो-आर्गो' ही सामायिक संस्था उभारली. तिचा खर्च अनेक देश वाटून घेतात आणि माहिती जगाला मोफत देतात. भारतही हिंदी महासागरात अशी यंत्रे सोडतो, आणि त्यांचे काम पाहणारी संस्था आहे हैदराबादला, म्हणजे समुद्रापासून दूर, दख्खनच्या पठारावरच.

हे दख्खनच्या पठारालाच शोभणारे आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असलेल्या मराठवाड्याच्या वाट्याला अरबी समुद्राचे वारे बरेचसे रिते होऊन येतात. बंगालच्या उपसागरावरील कमी दाबाच्या पट्ट्यांनी साथ दिली तर साल तरते. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, ते अजून कोणी विसरलेले नाही. हिंदी महासागराच्या पूर्व आणि पश्चिम भागांतील उष्णतेच्या फरकाचा पावसाशी संबंध आहे, हे १९९९ नंतर स्पष्ट होत गेले. ते कळले ते दशकानुदशके न थांबता घेतलेल्या मोजमापांमुळे. एका वर्षी तरतूद करावयाची आणि दुसऱ्या वर्षी हात आखडावयाचा, अशाने ही मोजमापांची साखळी तुटते. आणि तुटलेली साखळी पुढे कितीही पैसा ओतला तरी सांधता येत नाही, कारण गेलेल्या वर्षाचा समुद्र पुन्हा मोजता येत नाही.

म्हणून समुद्रावरील खर्च हा किनाऱ्यावरच्या लोकांचा किंवा प्रयोगशाळेतील पंडितांचा प्रश्न आहे, असे मराठवाड्याच्या लोकप्रतिनिधींनी समजू नये. घरणी आणि मांजरा ह्या नद्यांच्या काठच्या शेतकऱ्याचा त्यावर मच्छीमाराइतकाच हक्क आहे. अर्थखात्याने हात आखडल्यावरही मरे अहवाल पुरा होईपर्यंत कचेरी चालवीत राहिले, म्हणून चॅलेंजरचा प्रवास वाया गेला नाही. आजच्या मोहिमांचा पैसा पाच वर्षांनंतरही वाहता राहावा, हे पाहणारे कोणी आपल्याकडेही असले पाहिजे. आणि तशी मागणी शिरूर अनंतपाळसारख्या गावांतून पुढे आली, तर त्यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.