बांबूच्या विमानाचे कर्ते : आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ

विमान विकत न घेता ते आपल्या घराच्या आवारात, आपल्याच हातांनी बांधावयाचे, असा छंद असलेली माणसे आज पाश्चात्त्य देशांत पुष्कळ आहेत. सुट्या भागांचा संच खोक्यांतून घरी येतो, सोबत आराखडे येतात. आणि मग मोटार ठेवण्याच्या खोलीत बाप, लेक व एखादा शेजारी रात्री उशिरापर्यंत ठोकठोक करीत बसतात. अमेरिकेत तर असा नियमच आहे की, विमानाचा अर्ध्याहून अधिक भाग हौशी मनुष्याने शिकण्यासाठी वा करमणुकीसाठी स्वतः बांधला असला, तरच त्यास त्या वर्गातील परवाना मिळतो. ह्या छंदाचे मूळ शोधीत मागे गेल्यास आपण सन १९०९ च्या पॅरिस शहरात, एका ठेंगण्या, सडपातळ, उंच कॉलर घालणाऱ्या ब्राझिली गृहस्थांपाशी येऊन थांबतो. त्यांचे नाव आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ. त्यांचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस फारसे ठाऊक नसावे, म्हणून ते येथे थोडक्यात देत आहे.

आल्बेर्तोचा जन्म २० जुलै १८७३ रोजी ब्राझील देशाच्या मिनास जेराइस प्रांतात झाला. वडील एन्रिके द्युमाँ हे फ्रेंच वंशाचे, पॅरिस येथे शिकलेले एंजिनियर होते. पुढे त्यांनी सांव पावलो प्रांतात कॉफीची लागवड सुरू केली आणि थोड्याच वर्षांत कॉफीचे राजे म्हणून त्यांची ख्याती झाली. मळा एवढा विस्तीर्ण की, त्यात त्यांची खाजगी आगगाडी फिरत असे. आल्बेर्तोचे मन मळ्याहून कारखान्यात अधिक रमे. कॉफीची फळे धुणे, सोलणे, वाळविणे, दाणे निवडणे ही सर्व कामे यंत्रांनी होत. बारा वर्षांच्या वयात आगगाडीचे एंजिन चालविण्याची परवानगी त्याने मिळविली होती. तथापि त्याच्या निरीक्षणशक्तीची साक्ष दुसऱ्याच एका लहानशा गोष्टीत मिळते. दाणे चाळणाऱ्या, पुढेमागे हलणाऱ्या चाळण्या वरचेवर मोडत, आणि गरगर फिरणारी यंत्रे मात्र बिनतक्रार चालत, हे त्याच्या ध्यानात आले. व आपण पुढे कधी यंत्र केले तर ते फिरत्या गतीचेच करू, असे त्याने त्या वयात ठरवून टाकले.

जूल व्हर्नच्या कादंबऱ्या वाचणे, पतंग उडविणे आणि संत योहानाच्या सणाला कागदाची धुरावर चढणारी बलुने सोडणे हे त्याचे इतर उद्योग होते. आपली मुले चिमणी उड, कावळा उड हा खेळ खेळतात, तसाच खेळ तिकडेही आहे. उडणाऱ्या प्राण्याचे नाव आले की बोट वर करावयाचे. न उडणाऱ्याच्या नावाला बोट वर केले तर दंड. खेळगडी मुद्दाम माणसाचे नाव घेत, आणि आल्बेर्तो प्रत्येक वेळी बोट वर करी. सर्व हसत, पण तो दंड भरण्याचे साफ नाकारी. पुढे १९०१ साली त्याची कीर्ती जगभर पसरली, तेव्हा त्यांतल्याच एका खेळगड्याने पत्र लिहून ह्या खेळाची आठवण दिली आणि तो खरा ठरल्याचे कबूल केले.

आल्बेर्तो अठरा वर्षांचा होण्याच्या सुमारास वडील घोडागाडीतून पडले व त्यांस अर्धांगवायू झाला. त्यांनी मळा विकला. सन १८९२ मध्ये त्यांनी ह्या धाकट्या मुलास कायद्याने सज्ञान ठरवून घेतले, त्याच्या वाट्याचे द्रव्य त्याच्या हाती दिले, आणि पॅरिसला जाऊन पदार्थविज्ञान, रसायन, यंत्रविद्या व विद्युत् ह्यांचा अभ्यास करण्यास सांगितले. उपजीविकेची चिंता त्याला करावी लागणार नव्हती. त्याच वर्षी ते वारले. मुलाच्या डोक्यातील वेड ओळखून त्यास मोकळीक देणारे असे बाप थोडे. अर्थात असे द्रव्यही थोड्यांकडेच असते, हे आम्हां पालकांस विसरून चालणार नाही. परंतु त्या मुलाने ते पुढे कसे खर्चिले हेही पाहण्याजोगे आहे.

पॅरिसमध्ये खाजगी शिक्षकाच्या हाताखाली अभ्यास झाल्यावर सांतोस-द्युमाँ बलुनांकडे वळले. सन १८९८ च्या जुलैत त्यांनी ब्राझील नावाचे आपले पहिले बलून उडविले. ते जपानी रेशमाचे, आणि इतके लहान व हलके होते की, जाणत्या लोकांस ते वर जाईल असे वाटले नव्हते. परंतु बलून वाऱ्याचे गुलाम. वारा नेईल तिकडे जावयाचे. त्यास स्वतःची गती असावी म्हणून त्याच वर्षी त्यांनी विडीसारख्या लांबट बलुनाखाली पेट्रोलचे एंजिन टांगले. वर हायड्रोजनसारखा ज्वालाग्राही वायू आणि खाली ठिणग्या टाकणारे एंजिन! स्नेह्यांनी पुष्कळ समजाविले, पण त्यांनी ऐकले नाही. पहिल्या प्रयत्नात वायुनौका झाडांवर आदळली. दोन दिवसांनी, २० सप्टेंबर रोजी, ती पॅरिसवर हवी तशी वळू लागली.

सन १९०० मध्ये आंरी द्यच ह्या धनिकाने एक लाख फ्रँकांचे पारितोषिक जाहीर केले. सँ-क्लू येथून निघून आयफेल मनोऱ्यास वळसा घालावयाचा आणि तीस मिनिटांच्या आत परत यावयाचे, अशी अट होती. ८ ऑगस्ट १९०१ रोजी सांतोस-द्युमाँ यांची पाचवी वायुनौका वायू गळून सुरकुतली व त्रोकादेरोजवळ एका इमारतीच्या छपरावर फाटली. तिचा सांगाडा भिंतींमध्ये अडकला, आणि हे गृहस्थ टोपलीत लोंबकळत राहिले. बंबवाल्यांनी दोर टाकून त्यांस वर ओढले. त्याच संध्याकाळी त्यांनी सहाव्या नौकेचे काम सांगितले. १९ ऑक्टोबर रोजी सहावी नौका मनोऱ्यास वळसा घालून साडेएकोणतीस मिनिटांत परत आली. परंतु दोर खाली धरला जाईपर्यंत आणखी मिनिटभर गेले. ह्या मिनिटावरून परीक्षक मंडळात मोठा वाद माजला. लोक रस्त्यांतून सांतोस-द्युमाँ यांच्या नावाचा जयघोष करीत होते. शेवटी ४ नोव्हेंबरला पारितोषिक त्यांस देण्यात आले, आणि त्यांनी त्यातील एक पैही स्वतःकडे ठेवली नाही. काही भाग आपल्या कारागिरांस दिला. उरलेली रक्कम पॅरिसच्या पोलीसप्रमुखांच्या हवाली केली, आणि तीतून गोरगरीब कामकऱ्यांनी गहाण टाकलेली हत्यारे सोडवून दिली जावी, अशी व्यवस्था केली. पैसे वाटणारे पुष्कळ असतात. सुताराचा रंधा सुताराला परत मिळवून देण्याची कल्पना कारखान्यात वाढलेल्या मनुष्यासच सुचावी.

पुढे त्यांनी आकाशातून येऊन आपल्या घराच्या दाराशी कॉफीसाठी उतरावे, इतकी लहान नौका बांधली. हात गुंतलेले असताना खिशातील घड्याळ काढणे अवघड, म्हणून त्यांचे मित्र लुई कार्तिए ह्यांनी त्यांस मनगटावर बांधावयाचे घड्याळ करून दिले, तेही ह्याच काळात. परंतु त्यांचे लक्ष आता हवेहून जड अशा यंत्राकडे लागले होते. २३ ऑक्टोबर १९०६ रोजी बागातेल येथील मैदानावर पेटीपतंगांसारख्या पंखांचे त्यांचे यंत्र जमिनीवरून उचलले गेले व सुमारे ६० मीटर गेले. १२ नोव्हेंबरला ते २२० मीटर उडाले. ब्राझीलमध्ये ह्यामुळे त्यांस विमानविद्येचे जनक मानतात. अमेरिकेतील राइट बंधू १७ डिसेंबर १९०३ रोजीच उडाले होते, आणि हा मान त्यांचाच आहे, असे आम्हांस वाटते. मात्र राइट बंधूंनी आपले यंत्र बराच काळ लोकांच्या दृष्टीआड ठेविले, तर सांतोस-द्युमाँ यांनी युरोपातील पहिले उड्डाण भर मैदानात, जमावासमोर व परीक्षकांसमोर केले.

हाच उघडेपणा त्यांच्या शेवटच्या व आम्हांस सर्वांत प्रिय अशा यंत्रात दिसतो. त्याचे नाव दम्वाझेल. फ्रेंच भाषेत ह्या शब्दाचा अर्थ कुमारिका. पाण्याकाठी भिरभिरणाऱ्या चतुर कीटकासही तेच नाव आहे, आणि त्या यंत्राकडे पाहिल्यास ते किती साजते हे कळते. पहिला नमुना १९०७ मध्ये झाला. सुधारून १९०९ मध्ये तो पुरा झाला. मुख्य सांगाडा तीन लांब बांबूंचा. ते मध्ये धातूच्या नळ्यांनी जोडलेले, म्हणजे वाटेल तेव्हा सोडवून यंत्र मोटारीवर लादून नेता यावे. पंखांवर रेशमी कापड ताणलेले. दोन्ही पंखांची मिळून लांबी सुमारे साडेपाच मीटर, म्हणजे आपल्या शाळेतील एखाद्या वर्गाच्या खोलीत मावेल एवढी. दोन सिलिंडरांचे एंजिन पंखांच्या वर, त्याच्या पुढे लाकडी पंखा. आणि चालक पंखांच्या खाली, दोन सायकलवजा चाकांच्या मध्ये, कापडी पट्ट्यावर बसलेला. शेपटी एका सांध्यावर खालीवर व बाजूंस वळे. हात व पाय कामात गुंतल्यामुळे तोल सावरण्याची दांडी चालकाच्या कोटाच्या पाठीशी अडकविलेली असे. सायकलस्वार वळताना जसा अंग झुकवितो तसे अंग झुकविले की, तारा ओढल्या जाऊन पंखांची टोके पिळत व यंत्र सरळ होई. एंजिन धरून सर्व यंत्राचे वजन दोन माणसांच्या वजनाहून थोडेसेच कमी-अधिक. १९०९ च्या सप्टेंबरात ह्या यंत्रातून ते सँ-सीर येथून ब्यूकपर्यंत सुमारे ८ किलोमीटर गेले.

त्या वेळी राइट बंधू आपल्या पेटंटासाठी न्यायालयांत झगडत होते. सांतोस-द्युमाँ यांनी मात्र दम्वाझेलचे पेटंट घेतले नाही. ज्यास हवे त्याने हे यंत्र बांधावे, असे त्यांनी जाहीर केले व आराखडे सर्वांस खुले केले. अमेरिकेतील पॉप्युलर मेकॅनिक्स ह्या मासिकाने १९१० च्या जूनच्या अंकात ते छापले. बांबू, रेशीम, तारा व सायकलची चाके ह्या वस्तू कोठेही मिळणाऱ्या. एंजिन तेवढे विकत आणावयाचे. कारखानदारांनी ते यंत्र विक्रीस काढले, आणि हौशी लोकांनी ते आपापल्या ठिकाणी बांधले. ह्या दानात एक उणीव होती. सांतोस-द्युमाँ यांचे स्वतःचे वजन पन्नास किलोच्या आसपास होते, आणि यंत्र त्यांनी आपल्या अंगाच्या मापाने बेतले होते. एखाद्या भारदस्त गृहस्थाने ते बांधले तर ते मैदानावर नुसते धावे!

ह्याच यंत्रावर उडण्यास शिकलेल्यांपैकी एक रोलाँ गॅरोस. पॅरिसमधील टेनिसचे प्रसिद्ध मैदान आज त्याच्या नावाने ओळखले जाते. १९१५ च्या एप्रिलमध्ये ह्याच गॅरोसने विमानाच्या फिरत्या पंख्यामधून मशीनगन झाडण्याची युक्ती योजून जर्मन विमाने पाडली. कुमारिकेच्या शाळेतून निघालेला विद्यार्थी सहा वर्षांच्या आत असा रणांगणात पोहोचला.

सांतोस-द्युमाँ यांनी त्यापूर्वीच उडणे सोडले होते. १९१० च्या जानेवारीत एक तार तुटून त्यांचे दम्वाझेल कोसळले. दुखापत मोठी झाली नाही. पण त्याच सुमारास मज्जासंस्थेच्या विकाराची लक्षणे दिसू लागली, आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांचे उड्डाण कायमचे थांबले. ते समुद्रकाठी जाऊन राहिले व दुर्बिणीतून तारे पाहू लागले. १९१४ साली महायुद्ध पेटताच शेजाऱ्यांस ती परकी दुर्बीण संशयास्पद वाटली, आणि पॅरिसने ज्यांस डोक्यावर घेतले होते त्यांच्यावर हेरगिरीचा आळ आला. आळ खोटा ठरला, परंतु त्या मनस्तापात त्यांनी आपली सारी टिपणे व कागदपत्रे जाळून टाकली. आराखडे सर्वांस वाटून टाकणाऱ्या मनुष्याच्या घरी स्वतःचा एक कागद उरला नाही. १९२६ मध्ये त्यांनी राष्ट्रसंघास लिहून विमानांचा युद्धात उपयोग करण्यास बंदी घालावी अशी विनंती केली. ती निष्फळ झाली.

३ डिसेंबर १९२८ रोजी ते बोटीने रिओ बंदरात परत येत असता, त्यांच्या स्वागतास निघालेले व त्यांचेच नाव दिलेले एक विमान त्यांच्या डोळ्यांदेखत समुद्रात कोसळले, आणि आतील सर्व मंडळी मृत्यू पावली. त्यांनी समारंभ बंद करविले व मृतांच्या अंत्ययात्रांस हजेरी लावली. १९३२ मध्ये सांव पावलो प्रांताने मध्यवर्ती सरकारविरुद्ध बंड केले, आणि देशबांधवच देशबांधवांवर विमानांतून बाँब टाकू लागले. २३ जुलै १९३२ रोजी ग्वारुझा येथे सांतोस-द्युमाँ यांनी स्वतःच आपल्या जीवनाचा अंत केला. त्या बाँबच्या दुःखानेच हे घडले असे लिहिण्याची प्रथा आहे. परंतु त्यापूर्वीची पुष्कळ वर्षांची व्याधी व खिन्नता विसरून असे म्हणणे योग्य नव्हे. हे आजारी मनुष्याचे मरण होते, आणि त्याकडे करुणेनेच पाहावे.

त्यांच्या जन्मगावास त्याच वर्षी त्यांचे नाव देण्यात आले. आराखड्यांवरून दम्वाझेल बांधणे मात्र थांबले नाही. १९६५ साली जुन्या विमानांच्या शर्यतीवर इंग्लंडमध्ये एक विनोदी चित्रपट निघाला. त्यासाठी नव्याने बांधलेले दम्वाझेल काही केल्या नीट उडेना. तेव्हा कोणास तरी मूळ कर्त्याच्या अंगलटीची आठवण झाली. मग महायुद्धाच्या काळात लढाऊ विमाने एका तळावरून दुसऱ्या तळावर पोहोचविण्याचे काम केलेल्या जोन ह्यूज ह्या लहानखुऱ्या बाईंस बोलाविण्यात आले. त्या पट्ट्यावर बसल्या, एंजिन सुरू झाले, आणि यंत्र मैदानावरून उचलले गेले.