सोन्याचा भाव आणि घडणावळ

जुना दागिना मोडीत घालावयास सराफाकडे नेला की तो तराजूत पडतो, तूट वजा होते आणि उरलेल्या सोन्याचे पैसे हाती येतात. घडणावळ कोणी धरीत नाही. व्यवहाराच्या दृष्टीने यात काही गैर नाही. पण या एका रिवाजाने जगातील किती कला गिळंकृत केली, याचा हिशेब क्वचितच कोणी करतो. सोळाव्या शतकातील इटालियन सुवर्णकार बेन्वेनूतो चेल्लीनी याचे चरित्र म्हणजे असा हिशेबच आहे.

चेल्लीनीचा जन्म ३ नोव्हेंबर १५०० रोजी फ्लॉरेन्समध्ये झाला. वडील वादक होते आणि वाद्येही बनवीत. मुलाने बासरीवादक व्हावे अशी त्यांची उत्कट इच्छा होती. मुलाचे मन मात्र ऐरण आणि मुशीकडे ओढ घेत होते. पंधराव्या वर्षी तो एका सुवर्णकाराकडे उमेदवारीला लागला, आणि सोळाव्या वर्षी मारामारीपायी काही महिने शहराबाहेर हद्दपार झाला. हात कुशल आणि माथे गरम, हे त्याच्या आयुष्याचे सूत्र येथेच निश्चित झाले.

पुढे तो रोमला गेला. १५२७ साली सम्राट पाचव्या चार्ल्सच्या बेबंद फौजेने ते शहर लुटले, तेव्हा पोप सातव्या क्लेमंटबरोबर सांत अँजेलोच्या किल्ल्यात चेल्लीनीही अडकला होता. तेथे त्याने तोफा चालविल्या. आणि पोपच्या आज्ञेवरून आणखी एक काम केले. पोपच्या मुकुटांतील रत्ने उचकटून ती कपड्यांच्या अस्तरात शिवण्यात आली आणि उरलेले सोने चेल्लीनीने भट्टी रचून वितळविले. पूर्वीच्या सुवर्णकारांनी आयुष्य वेचून घडविलेल्या वस्तू दुसऱ्या एका सुवर्णकाराच्या हातून लगडी झाल्या.

काळाने याची परतफेड केली. याच पोपसाठी चेल्लीनीने पुढे झग्याची एक भव्य सोनेरी कडी घडविली. मध्यभागी मोठा हिरा आणि त्यावर आसनस्थ जगत्पिता अशी तिची रचना होती. १७९७ साली नेपोलियनची खंडणी भागविण्यासाठी ती वितळविण्यात आली. तिचे रूप आज आपल्याला ठाऊक आहे ते केवळ तत्पूर्वी कोणी तरी काढवून घेतलेल्या रंगीत चित्रांमुळे. ही चित्रे ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

निर्विवादपणे चेल्लीनीची म्हणता येईल अशी सोन्याची एकच मोठी कृती शिल्लक आहे. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस याच्यासाठी १५४० ते १५४३ या काळात त्याने घडविलेले हे मीठदान आता व्हिएन्नाच्या कलासंग्रहालयात आहे. उंची अवघी २६ सेंटिमीटर. समुद्रदेव आणि भूदेवी समोरासमोर बसलेली आहेत. त्याच्याजवळ मिठासाठी नौका, तिच्याजवळ मिऱ्यांसाठी छोटे मंदिर. सोन्यावर ठिकठिकाणी मीना भरलेला आहे. रंगीत काचेची पूड पाण्यात खलून धातूवर बसवावयाची आणि भट्टीत ती नेमकी विरघळेल एवढीच आच द्यावयाची, असे हे काम. आच कमी पडली तर रंग धरत नाही, जास्त झाली तर सारेच बिघडते. हे मीठदानही २००३ मध्ये चोरीला गेले. २००६ मध्ये ऑस्ट्रियातील एका जंगलात पुरलेल्या पेटीत ते सापडले. नुसत्या सोन्याचाच लोभ असता तर ते केव्हाच मुशीत गेले असते.

माणूस म्हणून चेल्लीनी वंदनीय नव्हता, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. भावाला मारणाऱ्याचा त्याने सूड घेतला. १५३४ मध्ये एका प्रतिस्पर्धी सुवर्णकाराचा खून केला. नव्या पोपने, तिसऱ्या पॉलने, त्याला क्षमा केली. पुढे पोपची रत्ने लांबविल्याच्या आरोपावरून त्याच पोपच्या कारकिर्दीत तो तुरुंगात पडला, चादरी बांधून किल्ल्यावरून उतरला, पाय मोडून घेतला आणि पुन्हा पकडला गेला. सत्ताधीशांनी त्याचे गुन्हे पोटात घातले ते त्याच्या हातांची गरज होती म्हणून. कलेने गुन्हा पुसला जात नाही. मारल्या गेलेल्यांच्या घरच्यांना त्या मीठदानाचे काय सुख?

१५४५ मध्ये फ्लॉरेन्सला परतल्यावर त्याने मेदुसेचे शिर उंचावणाऱ्या पर्सियसचा काशाचा पुतळा हाती घेतला. सुवर्णकाराने शिल्पकाराच्या प्रांतात शिरू नये, असे मानणारे पुष्कळ होते. ओतकामाच्या दिवशी तो तापाने फणफणला होता, छपराला आग लागली, आणि धातू गोठू लागला. त्याने ओकची लाकडे भट्टीत सारली आणि घरातली कथलाची ताटे-वाट्या रसात टाकल्या, असे तोच सांगतो. १५५४ मध्ये पुतळ्याचे अनावरण झाले, आणि तो आजही फ्लॉरेन्सच्या त्याच चौकात उभा आहे.

१५५७ मध्ये एका तरुण शागिर्दाशी असलेल्या लैंगिक संबंधांवरून त्याला शिक्षा झाली; तुरुंगवासाऐवजी त्याला घरात स्थानबद्ध करण्यात आले. पुढच्या वर्षी त्याने आत्मचरित्र सांगावयास घेतले. तो हातांनी काम करी आणि एक मुलगा लिहून घेई. बढाईने भरलेले, तरीही जिवंत असे हे पुस्तक १७२८ मध्ये छापले गेले आणि गटेने ते जर्मनमध्ये आणले. सुवर्णकाम व शिल्पकलेवरील त्याचे ग्रंथ मात्र त्याच्या हयातीतच, १५६८ मध्ये, प्रसिद्ध झाले. एरवी गुरूकडून शिष्याकडे तोंडीच जाणारी मीनाकामाची कृती त्यांत त्याने उघड करून ठेवली. फेब्रुवारी १५७१ मध्ये तो वारला.

हिशेब असा निघतो: सर्वांत मौल्यवान धातूत घडविलेले बहुतेक नष्ट झाले, काशाचे टिकले, आणि कागदावर लिहिलेले सर्वांत दूरवर गेले. आपल्याकडेही कासार, तांबट, सोनार यांच्या पिढ्यान् पिढ्यांचे काम दर लग्नसराईत मोडीत जाते. त्या कारागिरांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत, आणि त्यांची नावे विचारण्याची तसदी आपणही घेतली नाही. गरजेपोटी दागिना मोडणाऱ्या गृहस्थाला दोष देण्यात अर्थ नाही. पण मोडण्यापूर्वी त्याचे एक छायाचित्र घ्यावे, घडविणाऱ्याचे नाव आणि गाव वहीत टिपून ठेवावे, एवढे कोणत्याही घराला आणि शाळेला शक्य आहे. पोपची ती कडी गेली, पण चित्रांमुळे पुरती गेली नाही. घडणावळ तराजूत धरता येत नसेल. निदान नोंदीत तरी ती धरली जावी.