शिक्षिका घडवणाऱ्या ताराबाई

सकाळी मंडळाच्या बालवाडीत मुलांची गाणी सुरू झाली की मला ताराबाई मोडकांची हटकून आठवण येते. त्यांनी लहान मुलांच्या शाळा काढल्या हे पुष्कळ भगिनींना ठाऊक आहे. पण त्यांनी शिकवणाऱ्या बाया तयार केल्या, हे काम मला त्याहून मोठे वाटते.

ताराबाईंचा जन्म १८९२ सालचा, मुंबईचा. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थनासमाजी होते. त्यांनी विधवेशी विवाह केला होता. अशा घरात वाढलेल्या ताराबाई १९१४ साली बी. ए. झाल्या. अमरावतीच्या मोडक वकिलांशी लग्न झाले, पण तो संसार टिकला नाही. पुढे त्या लहान मुलीला घेऊन राजकोटला गेल्या आणि तेथील स्त्रियांच्या अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्या झाल्या. त्या काळी एकट्या बाईने परप्रांतात बिऱ्हाड करायचे म्हणजे काय, हे आपणा संसारी बायकांना सांगायला नको.

ही मानाची नोकरीही त्यांनी १९२३ साली सोडली व भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. १९२६ साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. तेथे शिक्षकांसाठी अध्यापन मंदिरही होते. मुलाला मारायचे नाही, धाक घालायचा नाही, आधी त्याला नीट न्याहाळायचे, हा तेथला पहिला धडा. छडीवर वाढलेल्या मोठ्या माणसांना तो गळी उतरवणे सोपे नव्हते. मी सातवीपर्यंत शिकले, ती छडी खातच! १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाले, तेथेही मुलांच्या शाळेला जोडून शिक्षिकांचे वर्ग चालत.

खरी कसोटी पुढेच होती. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, शहर सोडून त्या बोर्डीला आल्या. येथे अनुताई वाघ त्यांच्या साथीला होत्या. खेड्यात माँटेसरीची महागडी साधने परवडणार कशी? मग शंख-शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने झाली. १९५७ साली काम डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथल्या वारल्यांची मुले शाळेत येईनात. कुणी गुरे राखी, कुणी धाकट्या भावंडाला सांभाळी. तेव्हा शिक्षिकांनाच निघावे लागले. पाड्यावर जाऊन अंगणात मुले जमवायची, त्यांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे आणि मग खेळ-गाणी. ही अंगणवाडी. गुरे चरत तेथे कुरणात भरली ती कुरणशाळा. शहरात शिकून आलेल्या बाईला दुसऱ्याच्या मुलाचे शेंबूड पुसायला शिकवणे, हे पुस्तकाने होत नाही. ताराबाई व अनुताई स्वतः करीत, आणि बाकीच्या पाहून शिकत.

१९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७३ च्या ऑगस्टअखेर त्या गेल्या. दोन वर्षांनी सरकारची बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला.

आमच्या बालवाडीच्या बाई परवाच दारात आल्या आणि मुलांना मोजायला म्हणून माझ्याकडचे वाडगाभर चिंचोके घेऊन गेल्या.