चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर

जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरी ता. २१ मे १४७१ रोजी एका सोनाराच्या घरी आल्ब्रेख्त ड्यूररचा जन्म झाला. बापाच्या हाताखाली तो सोनारकाम शिकला. परंतु मनाचा ओढा चित्रकलेकडे असल्यामुळे १४८६ साली बापाने त्यास वोल्गेमूट नामक चित्रकाराकडे उमेदवारीस ठेविले.

त्या काळी चित्रातील पशुपक्षी बहुधा कशाची तरी खूण म्हणून येत. कोकरू म्हणजे प्रभू ख्रिस्त, हे आपणांस ठाऊकच आहे. ड्यूररनेही ही रीत पाळिली. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या आदाम व हव्वा यांच्या चित्रात (१५०४) मांजराच्या पुढ्यात उंदीर स्वस्थ बसला आहे. पतनापूर्वीची एदेन बागेतील शांती ती हीच. पण खुणेचा प्राणीही तो खरा काढी, कारण त्याने सृष्टी बारकाईने पाहिली होती. १५०२ साली रंगविलेल्या त्याच्या सशाचा केस न् केस निराळा दिसतो, आणि डोळ्यात खिडकीचे प्रतिबिंब आहे. पुढच्याच वर्षी त्याने गवताचे एक साधे ढेकूळ रंगविले. त्यातील वनस्पती आजही ओळखता येतात. ही दोन्ही चित्रे व्हिएन्ना येथे जतन केली आहेत.

डोळ्यांनी पाहण्याचे मोल त्याच्याच एका चुकीवरून कळते. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांस दिलेला एक गेंडा १५१५ च्या आरंभी गोव्याहून जहाजाने निघाला व मे महिन्यात लिस्बनला पोहोचला. ड्यूररने तो पाहिला नव्हता. दुसऱ्याचे वर्णन व रेखाटन यांवरून त्याने चित्र काढिले. अंगावर जणू चिलखताचे पत्रे, आणि खांद्यावर मुळात नसलेले एक लहानसे शिंग! तरीही सुमारे दोन शतके युरोपातील ग्रंथांतून तोच गेंडा छापला जात राहिला.

१५२० च्या डिसेंबरात झीलंडच्या किनाऱ्यावर प्रचंड देवमासा लागल्याचे ऐकून तो स्वतः पाहावयास कडाक्याच्या थंडीत निघाला. पण तो पोहोचण्यापूर्वीच समुद्राने मासा ओढून नेला होता. त्या प्रवासानंतर जडलेल्या दुखण्यातून तो पुरता उठला नाही. ता. ६ एप्रिल १५२८ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी, तो प्रभूमध्ये निजला.

प्रभूने शिष्यांस रानफुलांकडे पाहावयास सांगितले. त्यांतील बोध न पाहणाऱ्यास कसा मिळावा? मुलांनो, पाऊस पडताच आपल्या बांधावर हरळी व आघाडा उगवेल. कागद व पेन्सिल घेऊन तेथे बसा, आणि दिसेल तेवढेच काढा.